ब्लॉकचेनवर संशोधन करायचं असेल तर बियाण्याच्या टॅगपासून सुरुवात करा

सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी फोडताना टॅगची बाजू तशीच ठेवावी आणि पिशवी खालून फोडावी, असं कृषी विभाग खरिपाच्या तोंडावर सांगत असतो. टॅग शिवणीतच अडकवलेला असतो. घाईत वरचा दोरा ओढला की शिवण सरसर उसवते, टॅग सुटतो आणि बांधावर कुठंतरी पडून राहतो. आठ-दहा दिवसांनी काकऱ्या मोकळ्या दिसायला लागल्या की त्याच टॅगची शोधाशोध सुरू होते, कारण लॉट नंबर त्यावर असतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. आमच्या रानातही त्या वर्षी दुबार पेरणी झाली. वडिलांकडं बिल होतं, टॅग नव्हता.

मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. एमएस्सीचे प्रोजेक्ट आणि पीएचडीचे आराखडे तपासायला येतात, त्यांत 'ब्लॉकचेनवर आधारित' असं सुरू होणारी शीर्षकं दर वर्षी असतात. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या नोंदींची साखळी, जी अनेकांच्या संगणकांवर असते आणि मागाहून गुपचूप बदलता येत नाही. साखळीची आकृती नीट काढलेली असते. पण त्या साखळीत पहिली नोंद कोण करणार आणि ती खरी कशावरून, हे कुठंच लिहिलेलं नसतं. माझं ठाम मत आहे की आपल्या भागातलं ब्लॉकचेनचं संशोधन त्या पहिल्या नोंदीपाशीच आहे. म्हणून हा लेख मी बियाण्याचं एकच उदाहरण धरून लिहितोय. तुमचा विषय वसमतची हळद, जालन्याची मोसंबी किंवा बीडचं सीताफळ असला तरी पायऱ्या याच राहतील.

पहिला महिना वाचनाचा

सुरुवातीचे तीन-चार आठवडे साखळीच्या कोडला हात लावू नका. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावानं आलेला बिटकॉइनचा निबंध फक्त नऊ पानांचा आहे. त्याच्यावरचे व्हिडिओ बघण्याआधी तो स्वतः, ओळ न ओळ वाचा. मग शेवटची संदर्भसूची बघा. एकूण आठ संदर्भ आहेत आणि त्यांतले तीन स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या कामाचे आहेत. या दोघांनी १९९१ मध्ये एक साधा प्रश्न मांडला होता: एखादा डिजिटल दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि त्यानंतर त्यात काही बदललं नाही, हे सिद्ध कसं करायचं? उत्तर असं की प्रत्येक दस्तऐवजाचा ठसा (हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेली ठरावीक लांबीची ओळ) काढायचा आणि तो आधीच्या ठशात गुंफायचा. १९९५ पासून असे ठसे न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखे छापले जाऊ लागले. पेपर घरोघरी पोचला की तो कुणाला मागं घेता येत नाही, एवढाच त्यातला विचार. बिटकॉइनमधलं खाणकाम (नवी नोंद जोडण्यासाठी संगणकांनी सोडवायची कोडी) आणि नाणी बाजूला ठेवली तरी ही गुंफण उरते. मराठवाड्यातल्या बहुतेक विषयांना तेवढी पुरते.

त्यानंतर मागं जाऊन लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांचा १९८२ चा बायझंटाइन सेनापतींचा निबंध घ्या. काही सहभागी मुद्दाम खोटं बोलत असताना बाकीच्यांचं एकमत कसं व्हायचं, हा त्याचा विषय. कास्त्रो आणि लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये त्याला प्रत्यक्ष चालणारं रूप दिलं. ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांचं राफ्ट (संगणकांचं एकमत घडवण्याची पद्धत) २०१४ चं, आणि हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन उभारायच्या सॉफ्टवेअरची रचना सांगणारा निबंध २०१८ चा. इतकं वाचलं तरी पाया तयार होतो. प्रत्येक निबंधासाठी वहीत एकच पान ठेवा आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: प्रश्न काय होता, गृहीत काय धरलं, आणि ते गृहीतक मोडलं तर काय होईल. तिसरी ओळ लिहायला जड जाते, पण तुमचा विषय बहुतेक वेळा तिच्यातूनच निघतो.

हे सगळं मिळवायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. क्रिप्टोग्राफीचं (माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्राचं) ई-प्रिंट संग्रहालय आणि अर्काइव्ह (arXiv) ही संशोधन-निबंधांची दोन्ही संकेतस्थळं मोफत आहेत. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं वाचता येतात, ग्रंथपालांना विचारून लॉगिन घ्या. आधी कुणी काय केलंय हे बघायला शोधगंगा हे पीएचडी प्रबंधांचं संकेतस्थळ उघडा. आयआयटी खरगपूरचा ब्लॉकचेनवरचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावर आहे, तो रात्री तासभर बघितला तरी चालतो.

ठसा हातानं काढून बघा, मराठीतच

वाचन चालू असतानाच एक छोटा प्रयोग करा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हॅशलिब हे ठसे काढायचं साधन उघडा आणि एका शब्दाचा एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा काढा. ६४ अक्षरांची ओळ मिळेल. शब्दात एक काना वाढवा, ओळ पूर्ण बदललेली दिसेल. इथवर प्रत्येक पुस्तकात आहे. पुढचं मला पुस्तकात सापडलं नाही, ते एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टमध्ये सापडलं.

तिनं कुऱ्हाडे हे आडनाव दोन संगणकांवर टाइप केलं होतं. पडद्यावर अक्षर न अक्षर सारखं, पण ठसे वेगळे. दोन दिवस आम्ही कोड उलटापालटा केला. दोष कोडमध्ये नव्हता, तो 'ऱ्हा'मध्ये होता. हा अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) तीन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर 'ऱ' हे एकच अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा 'र', खाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त. तिसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, यंत्राला त्या तीन वेगळ्या नोंदी असतात. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणण्याची रीत) चालवलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तरी वेगळाच राहतो, तो आपल्या नियमानं बदलून घ्यावा लागतो. आता विचार करा, 'शेतकऱ्याचे नाव' हा रकाना प्रत्येक अर्जात आहे. त्यात '७/१२' कुणी मराठी अंकांत लिहितं, कुणी इंग्रजी अंकांत. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एकाच वाणाला कुणी एमएयूएस ७१ लिहितं, कुणी समृद्धी.

म्हणून ठसा काढण्याआधी मजकूर एका साच्यात आणण्याचे नियम लिहून काढा. अर्धा र कोणत्या रूपात ठेवायचा, अंक कोणते, शेवटची मोकळी जागा काढायची का, वाणासाठी नाव वापरायचं की ठरलेला कोड. प्रबंधात हे एक पान होईल आणि ते पान पूर्ण तुमचं असेल. इंग्रजी डेटावर काम करणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही, त्यामुळे ती सोडवायची जबाबदारी आपल्यावरच आहे.

विषय चाळणीतून काढा

कार्ल व्युस्ट आणि आर्थर जर्वे यांनी ब्लॉकचेन खरंच लागते का, हे ठरवायला काही प्रश्नांची चाळणी दिली आहे. ती मी वर्गात अशी सांगतो. नोंद ठेवायची गरज आहे का? लिहिणारे एकापेक्षा जास्त आहेत का? सगळ्यांना मान्य असा एखादा मध्यस्थ आधीच आहे का? लिहिणाऱ्यांची ओळख ठरलेली आहे का? त्यांचा एकमेकांवर विश्वास आहे का? शेवटचा प्रश्न: पडताळणी कुणालाही करता यावी की ठरावीक लोकांनाच?

मार्कशीटचा विषय या चाळणीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकतो. मार्कशीट देणारं विद्यापीठ एकच. त्यावर डिजिटल सही केली आणि ती डिजिलॉकरमध्ये ठेवली की काम होतं. गोदाम पावतीचंही तसंच. लातूरच्या तुरीवर असे विषय बरेच सुचवले जातात, पण २००७ च्या गोदाम कायद्याखाली नियामक आहे आणि २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावत्या मान्यताप्राप्त रिपॉझिटरींत (नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांत) ठेवल्या जातात. त्या व्यवस्थेत नेमकं काय मोडतंय हे दाखवता आलं तरच पुढं जा. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रं सार्वजनिक (कुणालाही वापरता येणाऱ्या) साखळीला जोडण्याचा उपक्रम झाला. त्याच्या बातम्या वाचून थांबू नका. ती पडताळणी पुढं नोकरी देणाऱ्यानं किंवा कॉलेजनं खरंच किती वेळा वापरली, हा एक चांगला संशोधनप्रश्न आहे.

बियाण्याचं काय? केंद्र सरकारचं 'साथी' पोर्टल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात बियाण्याचा माग क्यूआर कोडवर ठेवला जातो. म्हणजे मध्यस्थ आहे. मग ब्लॉकचेन कशाला? आराखड्याच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच आणि यायलाच हवा. त्याचं उत्तर मोंढ्यात जाऊन बसल्याशिवाय मिळत नाही.

मोंढ्यात आठवडाभर बसा

मे महिन्याच्या शेवटी कोणत्याही तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात, मालकाची परवानगी घेऊन, आठवडाभर बसा. लॅपटॉप बाहेर काढू नका, वही काढा. ट्रकमधून पिशव्या कशा उतरतात ते बघा. हमाल वरून पिशवी सोडतो, ती खालच्या थरावर आदळते. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. आदळआपटीत टरफल तडकतं, अंकुराला मार बसतो आणि उगवण घटते. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला लागून, थरावर थर रचलेल्या पिशव्यांना मे महिन्याची उष्णताही लागते.

आता टॅग वाचा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा. त्यावर वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत असते. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. पण ती चाचणी झाली तेव्हाची. मार्चमध्ये ७४ टक्के उगवलेला लॉट जूनमध्ये ६० वर आला असेल तर टॅग खोटा नाही आणि शेतकरीही खोटा नाही.

तुम्ही ७४ हा आकडा जगातल्या सगळ्यात भक्कम साखळीवर टाका. तो कुणाला बदलता येणार नाही. बियाणं मात्र रोज बदलत राहील. साखळी विधान जपते, दाणा जपत नाही. बाहेरच्या जगातली गोष्ट खात्रीनं आत कशी आणायची, या अडचणीला या क्षेत्रात ऑरॅकल प्रॉब्लेम म्हणतात. बियाण्याच्या पिशवीइतकं त्याचं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याच आठवड्यात दुकानदाराला विचारा की तक्रार आली तर तो काय म्हणतो. मला मिळालेलं उत्तर होतं, "सर, पिशवी माझ्याकडं जशी आली तशीच मी दिली." वितरकही हेच म्हणतो. कंपनी म्हणते, आमच्याकडून निघताना चाचणी पास होती. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते, तेव्हा बियाणं जमिनीत गेलेलं असतं. यात प्रत्येक जण खरं बोलत असू शकतो. उगवण नेमकी कोणत्या हातात घटली याची नोंद कुणाकडंच नाही. वाद होणार हे आधीच माहीत आहे, चौघांचे हितसंबंध वेगळे आहेत, आणि चौघांपैकी एकाच्या वहीवर बाकीचे तिघे विश्वास ठेवणार नाहीत. हा विषय चाळणीतून खाली पडत नाही.

तर संशोधनप्रश्न असा होईल: बियाणं हातोहात जाताना प्रत्येक टप्प्यावर छोटी उगवण चाचणी करून तिची नोंद देणारा आणि घेणारा दोघांच्या सहीनं ठेवली, तर उगवण कोणत्या टप्प्यावर घटली हे किती खात्रीनं सांगता येतं?

चाचणी साधी आहे, आपल्याकडं घरोघरी होते. ओलं गोणपाट पसरायचं, लॉटमधून वेगवेगळ्या जागचे १०० दाणे घेऊन दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७५ आले तर ७५ टक्के. दाणे निवडून घेऊ नका, फुटके बाजूला काढू नका. पिशवीत जसे आहेत तसेच घ्या. आणि हेही लक्षात ठेवा की १०० दाण्यांच्या एका चाचणीत चार-पाच टक्क्यांचा चढउतार निव्वळ योगायोगानंही येतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चार-चार चाचण्या करा. ७४ वरून ७१ झालं म्हणून कुणाला दोषी धरता येणार नाही, हे तुमच्या प्रबंधात आकडेमोडीनं आलं पाहिजे. इथं संख्याशास्त्राच्या शिक्षकांना सोबत घ्या. बियाण्याची बाजू तपासायला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ हवेत. कॉम्प्युटरवाल्यांनी एकट्यानं हा विषय करू नये.

साखळी उभी करणं

यात लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात, मी सर्वांत कमी घालवा असं सांगेन. आपले सहभागी ओळखीचे आहेत, म्हणून परवानगी लागणारी साखळी घ्या. हायपरलेजर फॅब्रिक पुरेसं आहे. लिनक्स, डॉकर (एकाच संगणकावर अनेक प्रोग्राम वेगवेगळे चालवायचं साधन) आणि ८ जीबी मेमरी असलेल्या लॅपटॉपवर त्याचं नमुना नेटवर्क चालतं. चार संस्था मांडा: बियाणं कंपनी, वितरक, दुकानदार आणि शेतकरी उत्पादक कंपनी. हस्तांतराची नोंद देणारा आणि घेणारा दोघांनी मान्य केल्याशिवाय धरायची नाही, असा एंडोर्समेंटचा (मान्यतेचा) नियम लावा. संपूर्ण रचनेचं मर्म या एका नियमात आहे, बाकीचा कोड त्याच्या आधाराला असतो.

सार्वजनिक साखळीवर करायचं असेल तर इथेरियम या सार्वजनिक साखळीचं सेपोलिया चाचणी नेटवर्क घ्या, तिथं खरे पैसे लागत नाहीत. जुन्या व्हिडिओंत रॉप्स्टेन, रिंकबी, गोर्ली ही नेटवर्क आणि ट्रफल, गनाश ही साधनं दिसतील. ती सगळी बंद झाली आहेत, त्यांच्यामागं लागून महिना घालवू नका. इथेरियम फार वीज खातं हे वाक्यही आता प्रबंधात लिहू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ते प्रूफ ऑफ वर्कवरून (कोडी सोडवून नोंद जोडणं) प्रूफ ऑफ स्टेकवर (नाणी तारण ठेवून नोंद जोडणं) गेलं आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

एक चूक मात्र मी फार वेळा बघितली आहे. फॅब्रिकमध्ये नोंदींचा क्रम लावायला राफ्ट वापरतात आणि प्रबंधात लिहितात की 'कुणीही फसवू शकत नाही'. राफ्ट फक्त बंद पडणारे नोड (साखळीतले संगणक) सांभाळतं, खोटं बोलणारे नाही. तीनपैकी एक बंद पडला तर चालतं, पाचपैकी दोन बंद पडले तर चालतं. खोटं बोलणारा एक सांभाळायला किमान चार नोड आणि वेगळी पद्धत लागते. फॅब्रिकच्या ३.० आवृत्तीत २०२४ मध्ये तशी सोय आली. तुम्ही काय वापरलं आणि त्याचा दावा कुठवर जातो, हे स्पष्ट लिहा.

आपल्याकडं वीज जाते, त्याचा प्रयोग करून घ्या. नोड तीन वेगळ्या गावांत ठेवता आले तर उत्तम, नाही तर कॉलेजच्या तीन इमारतींत. मग एकाचा प्लग खरोखर काढा. नोंदी चालू राहिल्या का? दुसऱ्याचाही काढा. आता लिहिणं थांबलं पाहिजे. वीज आल्यावर सगळं पूर्ववत व्हायला किती वेळ लागला तो घड्याळ लावून लिहा. इंटरनेट नसताना दुकानदारानं मोबाइलवर केलेली नोंद नंतर वर जाईल, म्हणून दोन वेळा साठवा: दुकानदार सांगतो ती वेळ आणि साखळीत पोचली ती वेळ. दोन्हींत तीन दिवसांचं अंतर असेल तर ते अंतरही एक माहितीच आहे.

साखळीत काय टाकायचं नाही

शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, आधार, गट क्रमांक साखळीवर टाकू नका. 'आम्ही फक्त हॅश टाकतो' एवढ्यानं भागत नाही. मोबाइल नंबर दहा अंकी, सहा ते नऊनं सुरू होणारा, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक कार्ड असलेला संगणक त्या सगळ्यांचे ठसे बघता बघता काढून टाकतो आणि तुमचा ठसा कुणाचा ते सांगतो. आधारच्या बारा अंकांनाही फार वेळ लागत नाही. प्रत्येक नोंदीला वेगळा गुप्त सॉल्ट (ठसा काढण्याआधी मजकुरात मिसळायची अंदाज न येणारी अक्षरं) लावा, तो साखळीबाहेर ठेवा, आणि शेतकऱ्यानं माहिती काढून टाका म्हटलं तर मूळ माहिती आणि सॉल्ट दोन्ही नष्ट करा. साखळीवर जे उरेल ते कुणाशी जोडता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती पुसून घेण्याचा अधिकार दिला आहे. न पुसता येणाऱ्या नोंदवहीचा आणि त्या अधिकाराचा मेळ कसा घातला, याचा स्वतंत्र विभाग लिहा.

संमतीपत्र मराठीत, एका पानात, वाचून दाखवता येईल असं असावं. मी एका काकांना इंग्रजी फॉर्मवर सही करायला सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवलं होतं. काका सही करायला तयार होते, म्हणूनच परत पाठवलं.

तुलना केल्याशिवाय निष्कर्ष नाही

एकाच डेटावर तीन रचना उभ्या करा. पहिली: साधा पोस्टग्रेस डेटाबेस, फक्त भर घालता येईल असा, प्रत्येक नोंदीवर डिजिटल सही. दुसरी: तोच डेटाबेस, पण रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींचा एक मर्कल रूट (सगळ्या नोंदींच्या ठशांतून निघणारा एकच ठसा) काढून तो उघड जागी प्रसिद्ध करायचा, सार्वजनिक साखळीवर, किंवा हेबर-स्टॉर्नेटांसारखा स्थानिक दैनिकाच्या छोट्या जाहिरातीत. तिसरी: फॅब्रिक. मग प्रत्येकीवर तेच हल्ले करून बघा. दुकानदारानं जुनी नोंद बदलली तर? डेटाबेस सांभाळणाऱ्यानंच बदलली तर? देणारा-घेणारा दोघं संगनमतानं खोटा आकडा टाकतात तर? शेवटच्या प्रश्नाला तिन्ही रचना हरतात. तसं स्पष्ट लिहा आणि अचानक केलेल्या फेरचाचणीनं तो धोका किती कमी होतो ते मोजा.

वेग मोजायला हायपरलेजर कॅलिपर आहे. पण सेकंदाला किती व्यवहार होतात या आकड्यामागं धावू नका. दिवसाला ८,६४० नोंदी म्हणजे दहा सेकंदांना एक. तालुक्यातल्या सगळ्या दुकानांचं काम त्याच्या जवळपास बसेल, ते कोणताही लॅपटॉप पेलतो. सगळे नोड एकाच लॅपटॉपवर ठेवून 'नेटवर्कचा विलंब' म्हणून आकडे देणं मात्र चूक आहे, कारण त्यात नेटवर्कच नाही. लिनक्सच्या नेटेमनं मुद्दाम विलंब घाला, प्रयोग किमान तीस वेळा करा आणि सरासरीबरोबर मध्यक (मधला आकडा) आणि ९५ वा शतमक (ज्याच्या आत ९५ टक्के वेळा बसतात तो आकडा) द्या. दुकानदाराला एक नोंद करायला किती सेकंद लागली, हे मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. जूनमध्ये दुकानात गर्दी असते, मिनिटभर लागत असेल तर तो नोंद करणार नाही.

आपल्या विषयासारख्याच मोठ्या प्रयत्नांचं काय झालं तेही त्याच प्रकरणात घ्या. मेर्स्क आणि आयबीएमचं जहाज-मालवाहतुकीचं ट्रेडलेन्स २०१८ मध्ये आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण संपूर्ण उद्योगाचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही. आपल्याकडंही वितरकानं सहभागी का व्हावं, याचं उत्तर कोडमध्ये मिळणार नाही. कोडच्या बाजूनं इथेरियमवरच्या डीएओ या सामायिक गुंतवणूक निधीवरचा २०१६ चा हल्ला वाचा. त्याच्या करारातल्या, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या कोडमधल्या, एका त्रुटीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) बाहेर गेले होते.

या तुलनेत पहिली किंवा दुसरी रचना पुरेशी ठरली, तर प्रबंध तसाच सादर करा. 'इथं ब्लॉकचेन लागत नाही' हा पुराव्यानिशी काढलेला निष्कर्ष पूर्ण संशोधन आहे. मार्गदर्शकांनी शीर्षकाला धक्का लागेल म्हणून आडकाठी केली, तर त्यांच्यासमोर आकडे ठेवा.

लिहिताना, छापताना

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांचे मेल तुम्हाला येतील. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते. संपादक मंडळातले लोक खरंच त्या विषयात काम करतात का, मागच्या अंकातले तीन लेख वाचण्यासारखे आहेत का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे तो लेखी बघून घ्या. घाई नको. कोड, मजकूर साच्यात आणण्याचे नियम आणि नावं काढून टाकलेला चाचण्यांचा डेटा उघड ठेवा, म्हणजे नांदेडच्या कुणाला हिंगोलीच्या हळदीसाठी तो वापरता येईल.

आणि वेळापत्रक विद्यापीठाचं नको, पिकाचं धरा. वाचन सोयाबीनची काढणी झाल्यावर दिवाळीनंतर सुरू करा. प्रक्रिया केंद्रावरची पहिली चाचणी मार्चमध्ये, वितरकाकडची एप्रिलअखेर, दुकानातली मेच्या शेवटी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चाड्यावर मूठ धरली जाईल, त्याच्या आठवडाभर आधी शेतकऱ्याच्या घरची चाचणी झाली पाहिजे. त्या चाचणीत उगवण कमी आली, तर निकाल प्रबंधासाठी राखून ठेवू नका. त्याच दिवशी त्या घरी जाऊन सांगा, पिशवी अजून बदलून मिळू शकते. आणि पिशवी खालून फोडायला सांगा.